आंबागडपासून समुद्र किती लांब?

भंडारा जिल्ह्यातल्या पोराने ‘मला समुद्र अभियांत्रिकी शिकायचीय’ असं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘आपल्याकडे समुद्र कुठाय?’ प्रश्न चुकीचा नाही. तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला सातपुड्याच्या डोंगरात आहे. देवगडच्या बख्त बुलंदशहाच्या काळात, १७०० च्या आसपास, राजाखान पठाणाने तो बांधला. तिथून मुंबई दूर, बंगालचा उपसागरही दूर. पण या भागातलं पावसाचं पाणी वैनगंगेत जातं, वर्धेला मिळून प्राणहिता होतं, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरतं आणि समुद्र गाठतं. पाण्याला वाट सापडते. माणसांना ती कशी सापडली, ते मला सांगायचंय.

इंग्रजी अमदानीत जहाजांवर हिंदी माणसं भरपूर होती, पण ती बहुतेक खलाशी म्हणून. कोळसा त्यांनी टाकायचा, दोर त्यांनी ओढायचे आणि हुकूम गोऱ्या अधिकाऱ्यांनी द्यायचा. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. मालक हिंदी झाले, तरी हिंदी अधिकारी घडवणारी शाळा देशात नव्हती. ती १९२७ मध्ये मुंबईच्या बंदरात सुरू झाली. ‘डफरिन’ या जुन्या सैनिकवाहू जहाजाचंच प्रशिक्षण जहाज केलं गेलं. मुलं त्यावरच राहायची, त्यावरच शिकायची. म्हणजे आपल्याकडे समुद्राचं आधुनिक शिक्षण सुरुवातीपासूनच हाताने करून शिकण्याचं होतं.

दुसरा धागा पुण्याचा आहे, आणि पुण्यालाही समुद्र नाही! तरी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून लाटांचा अभ्यास होतो. १९१६ मध्ये ही संस्था सिंचनाच्या कामासाठी सुरू झाली होती. लहान पाण्यावरून मोठ्या पाण्याचा अंदाज बांधता येतो, हे विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात दाखवलं. प्रतिकृती १०० पट लहान असेल तर काळ १०० ने नाही, १० ने भागायचा. समुद्रातली १२ सेकंदांची लाट तिथे १.२ सेकंदांची होते. वजन मात्र १०० च्या घनाने, म्हणजे १० लाख पटींनी कमी होतं.

म्हणूनच पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच दिवशी समीकरणं देऊ नयेत, असं मला वाटतं. प्लास्टिकचा मोठा टब द्या. एका टोकाला वाळूचा उतार करा, दुसऱ्या टोकाला फळी हलवून लाटा काढा. मग मध्ये गिट्टीचा बांध घालून बघा, लाट किती मरते आणि वाळू कुठे साचते. मातीचा गोळा बुडतो. त्याच मातीची वाटी तरंगते. वाटीत एकेक रुपयाची नाणी ठेवत जा. नाणी तळाशी पसरली तर वाटी स्थिर राहते, एकावर एक रचली तर कलंडते. स्थैर्याचा धडा यानंतर फळ्यावर आला तर तो डोक्यात बसतो.

हा धडा आमच्याकडच्या ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तलावात डोंग्यातून मासे धरताना कुठे बसायचं, ओझं कुठे ठेवायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. डोंग्यात उभं राहिलं की भाराचं केंद्र वर जातं आणि डोंगा डुलतो. पुस्तकात हेच आकृतीसह असतं.

खलाशाच्या हातात कौशल्य होतं, पण त्याला हुकमाची जागा मिळाली नाही. आज उलटं होऊ शकतं. पदवी मिळेल, पण हात कोरडेच राहतील. ढिवराच्या घरातली मुलगी या वर्गात आली, तर डोंगा का डुलतो हे बाकीच्यांना तीच आधी सांगेल. तिच्यासाठी जागा ठेवायची की नाही, हे महाविद्यालयांनी ठरवायचंय. टब तर कुठल्याही बाजारात मिळतो.