शरकांडाचा भार व ताठपणा : धनुर्वेदातील बाणलक्षणांविषयी

तेरेखोलच्या खाडीकाठी वसलेल्या आरोंदा गावाच्या परिसरात, व एकंदर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, बांबूची माणगा ही जात लावली जाते. तिला काटे नसतात आणि तिचा दांडा जवळजवळ भरीव असतो. बोरूचा दांडा याउलट पोकळ. द्रव्य व जाडी समान धरल्यास भरीव कांडे अधिक जड व काहीसे अधिक ताठ भरते; परंतु वजनाच्या मानाने पाहता पोकळ कांडेच अधिक ताठ ठरते. बाण कशाचा करावा, या जुन्या प्रश्नाचे मूळ या भेदात आहे.

संस्कृतातील ‘शर’ हा शब्द एका तृणाचा वाचक असून त्या तृणाच्या कांडापासून होणाऱ्या बाणालाही तोच शब्द लागला. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात वेणु, शर, शलाका, दण्डासन व नाराच हे बाणांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिली दोन नावे सरळ वनस्पतींची आहेत.

बाणाच्या घडणीचा अधिक तपशील शार्ङ्गधरपद्धतीतील धनुर्वेदप्रकरणात मिळतो. हा संग्रह इ. स. १३६३ चा, पीटर पीटरसन यांनी तो १८८८ साली मुंबईत प्रसिद्ध केला. शरकांड पिकलेले, पिवळसर, कठीण व सरळ असावे. लांबी मूठभर कमी दोन हात आणि जाडी करंगळीएवढी असावी, असे तेथे सांगितले आहे. या वर्णनात वजनाचे माप येत नाही. तथापि करंगळीचे प्रमाण वाटते तितके ढोबळ नव्हे. भरीव कांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर वजन २१ टक्क्यांनी वाढते, ताठपणा मात्र सुमारे ४६ टक्क्यांनी. जाडीचे माप सांभाळणारा कारागीर नकळत ताठपणाच सांभाळत असे.

भाराचा परिणाम निराळा आहे. प्रत्यंचा सुटताना धनुष्याची ऊर्जा एकट्या बाणाला मिळत नाही. धनुष्याची टोके व प्रत्यंचा यांनाही हलावे लागते. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकीतज्ज्ञाने या वाट्याचा हिशेब ‘आभासी वस्तुमान’ या कल्पनेने मांडला. उदाहरणादाखल हे वस्तुमान १० ग्रॅम व उपलब्ध ऊर्जा ४५ जूल धरू. २० ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ५५ मीटर वेगाने सुटतो व ३० जूल ऊर्जा नेतो. ३० ग्रॅमचा बाण सुमारे ४७ मीटर वेगाने सुटतो, पण जवळजवळ ३४ जूल नेतो. जड बाण हळू जातो, परंतु धनुष्याचे देणे अधिक वसूल करतो.

ताठपणाचा संबंध मुख्यत्वे नेमाशी आहे. सुटताना बाण वाकतो, उलट वाकतो आणि असा लहरतच धनुष्याला वळसा घालून जातो. १९३० नंतरच्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांच्या अतिवेगवान चित्रणाने हे डोळ्यांना दाखविले. फार लवचीक बाण या लहरण्यात ऊर्जा दवडतो, फार ताठ बाण बाजूला फेकला जातो. हल्ली २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर कांडे ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगतात व ते किती वाकते यावरून ताठपणा ठरवितात.

आता शार्ङ्गधरपद्धतीतील प्रसिद्ध विभाग पाहावा. पुढे जाड तो स्त्री, मागे जाड तो पुरुष, सर्वत्र सारखा तो नपुंसक. पहिला दूर जातो, दुसरा कठीण वस्तू भेदतो, तिसरा लक्ष्यवेधास योग्य. (बाण व शर हे दोन्ही शब्द पुंलिंगी, उभयलिंगी ‘इषु’ येथे अधिक सोयीचा झाला असता!) ही वर्गवारी निव्वळ रूपक मानून सोडून देणे योग्य नव्हे. अग्रस्थूल बाणाचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, त्यामुळे त्याचे उड्डाण लवकर स्थिरावते. सर्वत्र समान कांड्याचे वाकणे एकसारखे, म्हणून नेमाला ते विश्वसनीय. पुरुष बाणाच्या भेदनशक्तीचे समर्थन मात्र इतके सहज होत नाही. भेदन मुख्यतः एकूण भार, वेग व अग्राची घडण यांवर अवलंबून असते, जाडी मागे असण्यावर नव्हे. येथे निरीक्षणापेक्षा रूपकानेच निर्णय दिला असावा.

नाराचाविषयी तोच ग्रंथ अधिक सावध आहे. हा बाण संपूर्ण लोखंडाचा, म्हणजे सर्वांत जड. त्याला पाच रुंद पिसे सांगितली आहेत, आणि तो एखाद्यालाच साधतो, असेही नमूद केले आहे.