प्राथमिक शाळेत संगणक : सुरुवात मराठी टायपिंगने करा

चौथी-पाचवीला संगणक शिकवायचा म्हटलं की क्रम बहुधा ठरलेला. मॉनिटर, माउस, सीपीयूची चित्रं, मग पेंटमध्ये डोंगर आणि झोपडी, आणि टायपिंग म्हणजे एबीसीडी. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळेतलं मूल हाताने तीन लिप्या लिहितं : देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी. कीबोर्डवर मात्र त्याला एकच येते. पुढे साधा मराठी अर्ज हवा असला तरी डीटीपीवाल्याच्या दारात उभं राहायचं आणि पानामागे पैसे मोजायचे.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि फुकट आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात त्याची मांडणी दिलेली आहे. विंडोज आणि लिनक्समध्ये तो आधीपासून असतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडायची. फोनेटिकचा पर्याय दिसला तरी तो घेऊ नका. विंडोजचं बटण आणि स्पेस एकदम दाबलं की भाषा बदलते.

सीमाभागाला याचा दुहेरी फायदा आहे. भारतीय लिप्यांची अक्षरं एकाच जागी बसवली आहेत. इंग्रजी 'के'च्या बटणावर मराठीत क, कन्नडमध्येही क, गुजराती आणि तेलुगूतही क. 'नदी' टाइप करायला व्ही, ओ, आर ही बटणं. भाषा गुजराती केली तरी बटणं तीच. कन्नड आणि तेलुगूत 'नदि' ऱ्हस्व, म्हणून शेवटी आरऐवजी एफ. एवढाच फरक! बेळगावचं मूल एकदा शिकलं की कन्नडचं निम्म्याहून अधिक काम झालं. वडोदरा, हैदराबादच्या मराठी घरांनाही हाच हिशेब लागू. दाक्षिणात्य लिप्यांतले ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे वेगळे शिकवावे लागतात.

वर्गात सुरुवात मधल्या ओळीपासून करा. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, तिथे दोन्ही तर्जनी ठेवायच्या. डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजनं. मधल्या ओळीतच उजवीकडे र, क, त, च आहेत. डावीकडे ो, े, हलन्त आणि ि. बोटं न हलवता कर, तर, केर, चोर, चकोर, किरकिर हे शब्द होतात. हलन्त आला की चक्र आणि रक्त. 'रक्त' म्हणजे र, क, हलन्त, त. जोडाक्षर कसं बनतं हे फळ्यावर समजावून दमलेल्या बाईंना इथे आयतं साधन मिळतं.

मुलं एका ठिकाणी हमखास अडतात. ऱ्हस्व वेलांटी वहीत अक्षराच्या आधी काढतात, कीबोर्डवर ती अक्षरानंतर दाबायची. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. हे पहिल्याच दिवशी सांगावं, नाहीतर आठवडाभर गोंधळ चालतो.

फोनेटिकने लवकर जमतं, खरं आहे. पण त्यात मूल मराठी शब्दाचं आधी इंग्रजी स्पेलिंग करतं आणि मग मराठी मिळवतं. बोलून टाइप करण्याची सोय मोबाइलवर आहेच. मोठ्यांनी खुशाल वापरावी. ज्याचं शुद्धलेखन अजून घडतंय, त्याला ती देऊ नये असं माझं मत.

संगणक दोनच आणि मुलं तीस असली तरी अडत नाही. पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून द्यावा. रोज पंधरा मिनिटं पुठ्ठ्यावर बोटं फिरवायची आणि आठवड्यातून एकदा खऱ्या संगणकावर बसायचं. कोडिंगची घाई नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते सहावीपासूनच्या टप्प्यात आहे. म्हणजे तिसरी ते पाचवी ही तीन वर्षं टायपिंगला मोकळी आहेत. पहिला धडा म्हणून मुलाला स्वतःचं नाव, गाव आणि शाळेचं नाव टाइप करायला सांगा. बेळगाव लिहिताना ळ कुठे ते विचारतीलच : शिफ्ट दाबून एन.