सुप्याच्या रोख्यांपासून मालाडच्या घरापर्यंत

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतला कामगार गृहकर्जासाठी घराची मूळ कागदपत्रं बँकेत ठेवतो, तेव्हा तो जुन्या गहाणाचाच व्यवहार करत असतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं, घरं लुटली आणि कर्जरोखे जाळले. राग होता तो त्या कागदांवर. अंगठा उठवणाऱ्याला आतला मजकूर वाचताच येत नसे! १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने कर्ज फेडून गहाण सोडवण्याचा हक्क लेखी बांधला.

पगारदाराला घरासाठी लांब मुदतीचं कर्ज मिळणं मात्र दुर्मीळच राहिलं. हसमुखभाई पारेख यांनी साठी ओलांडल्यावर, १९७७ साली, मुंबईत एचडीएफसी स्थापन केली. तिचं पहिलं कर्ज मालाडमधल्या ७० हजारांच्या घरासाठी होतं: ३० हजार रुपये, साडेदहा टक्क्यांनी. म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याजच सुमारे २६२ रुपये. सुरुवातीला हप्त्याचा मोठा वाटा व्याजातच जातो, हे घर घेणाऱ्याने आधीच समजून घ्यायला हवं.

डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकांवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते.