कोख, बीज आणि दोष

मागच्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका घरी तिसरी मुलगी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मिठाईचा डबा तसाच बंद राहिला. एक बुजुर्ग खाला हळू आवाजात म्हणाल्या, "इसके कोख में बेटियाँच हैं." खोलीचे दार उघडे होते. आत पडलेल्या बाळंतिणीने ते ऐकले असणार. मीही ऐकले आणि गप्प बसलो. ते गप्प बसणे मला अजून टोचते.

खालांना दोष देऊन काय उपयोग? त्यांच्या तोंडून एक फार जुनी समजूत बोलत होती. मूल घडते कसे, त्यात बापाचा वाटा किती आणि आईचा किती, हा वाद दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालला. आपल्या हकीमांनी आणि उलमांनी त्यात भाग घेतला होता, तोही उघडपणे, लेखी आणि न लाजता. हे आज आपल्या घरात फार थोड्यांना माहीत आहे.

सुतार आणि लाकूड

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने या प्रश्नावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते मुलाला रूप देण्याची शक्ती पुरुषाच्या बीजात असते. स्त्री फक्त माल पुरवते आणि तो माल म्हणजे तिचे मासिक पाळीचे रक्त. सुतार लाकडाची वस्तू घडवतो तसा बाप मूल घडवतो, आई म्हणजे लाकूड.

गॅलनला हे पटले नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा वैद्य. त्याच्या आधी अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने स्त्रीच्या पोटातल्या अंडाशयांचे वर्णन केले होते. त्या आधाराने गॅलन म्हणाला, स्त्रीलाही स्वतःचे बीज आहे. पण स्त्रीचे अवयव म्हणजे पुरुषाचेच अवयव, उष्णता कमी पडल्याने आत राहिलेले, असेही त्याने लिहिले. बीज मान्य केले, पण दुय्यम म्हणून.

नवव्या शतकात हे दोन्ही पक्ष अरबीत आले. बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (809–873) या ख्रिस्ती विद्वानाने आणि त्याच्या साथीदारांनी गॅलनचे ग्रंथ भाषांतरित केले. अ‍ॅरिस्टॉटलचा प्राण्यांवरचा ग्रंथही अरबीत उतरला. आता दोन्ही मते मुस्लीम वाचकांसमोर होती.

उम्मे सुलैम यांचा प्रश्न

पण या वाचकांजवळ मदिनेतली एक आठवणही होती. सहीह बुखारीत ती नोंदली आहे. उम्मे सुलैम या अन्सारी महिलेने प्रेषित मुहंमद (स.) यांना विचारले की, पुरुषाप्रमाणे स्त्रीला स्वप्नावस्था झाली तर तिच्यावर गुस्ल बंधनकारक आहे का. उत्तर मिळाले की, स्राव दिसल्यास आहे. तिथे असलेल्या उम्मे सलमा (र.) यांनी लाजून चेहरा झाकला आणि विचारले, स्त्रीलाही असे होते? त्यावर प्रेषितांनी उलट विचारले की, तसे नसते तर मूल आईसारखे दिसले असते कसे?

हा प्रसंग मला दोन कारणांनी महत्त्वाचा वाटतो. एक, प्रश्न स्त्रीने विचारला आणि प्रेषितांनी तिला दटावले नाही. दोन, मुलाच्या घडणीत आईचा स्वतःचा वाटा आहे, हे त्या उत्तरात गृहीत धरलेले आहे.

म्हणूनच पुढे इमाम गझाली (1058–1111) 'इह्या'मध्ये गर्भधारणेची चर्चा करताना स्त्री-पुरुषांच्या दोन स्रावांना व्यवहारातल्या इजाब आणि कबूल यांची उपमा देतात. एकाने प्रस्ताव ठेवला म्हणून करार होत नाही, दुसऱ्याचा होकार लागतो. निकाहला बसलेल्या प्रत्येकाला हे कळेल. कुरआनात माणसाला एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून निर्माण केल्याचे म्हटले आहे. तेराव्या शतकातल्या कुर्तुबींनी त्या आयतीचा आधार घेऊन, मूल एकट्या बापाच्या पाण्याचे असते हे मत खोडून काढले.

हकीमांमध्ये मात्र एकमत नव्हते. इब्न सिना (980–1037) यांनी दोन्ही ग्रीकांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. स्त्रीला बीज आहे हे त्यांनी मानले, पण घडवण्याचे काम पुरुषाकडेच ठेवले. उपमा दिली पनीरची: गोठवणारे विरजण पुरुषाचे, दूध स्त्रीचे.

अभ्यास पुस्तकी वादात अडकून राहिला नाही. कुर्तुब्याजवळच्या अल-जहरावी (936–1013) यांनी आपल्या ग्रंथाच्या शस्त्रक्रियेवरच्या भागात सुईणींसाठी सूचना लिहिल्या. अडलेल्या बाळंतपणात काय करावे ते सांगितले आणि योनिमार्ग तपासण्याच्या उपकरणांची चित्रे काढून दिली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराजच्या मन्सूर इब्न इलियास यांनी फारसीत शरीररचनेचा सचित्र ग्रंथ लिहिला. त्यात गर्भवती स्त्रीचे चित्र आहे, गर्भाशयातल्या बाळासह.

इथे एक सावधगिरी हवी. हल्ली काही भाषणांत असे ठोकून दिले जाते की, आजचे सारे भ्रूणशास्त्र आपल्याकडे आधीच होते. ते खरे नाही. मुलगा उजव्या बाजूला आणि मुलगी डाव्या बाजूला घडते ही ग्रीकांची चूक आपल्या हकीमांनीही उतरवून घेतली. सूक्ष्मदर्शकाशिवाय बीज दिसणार तरी कसे? त्यांचा मोठेपणा वेगळा आहे. त्यांनी प्रश्नाला अश्लील मानले नाही.

दिसले तेव्हा

1672 मध्ये हॉलंडच्या डी ग्राफने अंडाशयातल्या पुटिका दाखवल्या. 1677 मध्ये त्याच देशातल्या लेवेनहुकने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले. वाद मिटायला हवा होता, पण तो पेटला. 1694 मध्ये हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे कल्पनाचित्र छापले. आई पुन्हा निव्वळ शेत झाली! सस्तन प्राण्याचे खरे अंडे 1827 मध्ये फॉन बेअरला कुत्रीत सापडले. 1876 मध्ये हर्टविगने समुद्री अर्चिनमध्ये दोन बीजांची केंद्रके एक होताना पाहिली. गझालींचा इजाब-कबूल आता डोळ्यांना दिसत होता.

आज चित्र स्पष्ट आहे. अंडाशयातून साधारण महिन्याला एक अंडे सुटते. ते सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या अंडवाहिनीत येते आणि जेमतेम एक दिवस जगते. शुक्राणू तिथेच त्याला गाठतो, गर्भाशयात नव्हे. दोघांकडून 23-23 गुणसूत्रे येतात. आईकडून आणखी बरेच येते, कारण पेशीचे जवळजवळ सगळे सामान अंड्यातच असते. हे अंडे आईच्या जन्माआधीच तयार झालेले असते. म्हणजे त्या दवाखान्यातली ती मुलगी ज्या अंड्यातून आली, ते तिची आई नानीच्या पोटात असतानाच घडले होते.

आणि मुलगा की मुलगी? 1905 मध्ये अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या संशोधक महिलेने एका भुंगेऱ्याच्या पेशी तपासून दाखवले की, नराच्या बीजात दोन प्रकार असतात आणि लिंग त्यावरून ठरते. माणसातही तसेच. आईचे अंडे नेहमी एक्स गुणसूत्र देते. बापाचा शुक्राणू एक्स देतो किंवा वाय. यात बापाचाही गुन्हा नाही, ते त्याच्या हाती नसते. पण कोखेला दोष देण्यास तर काहीच जागा उरत नाही.

गप्प बसण्याची किंमत

मराठीत हे बोलणारेही होऊन गेले. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि त्यासाठी खटले सोसले. 1934 मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. आंबेडकर उभे राहिले. तरीही महाराष्ट्राला 1988 मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करावा लागला आणि 1994 मध्ये देशाला. कायदा यंत्राला अडवतो, व्हरांड्यातल्या वाक्याला अडवत नाही.

मूल होत नाही म्हणून आजही आधी सुनेची तपासणी होते, तिच्यासाठी तावीज येतात आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी वर्षानुवर्षे राहून जाते. मुलीला पाळीबद्दल मैत्रीण सांगते, मुलाला मोबाइल. आम्ही याला हया म्हणतो. पण हजरत आयेशा (र.) यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली होती ती यासाठीच, की लज्जेने त्यांना शिकण्यापासून रोखले नाही.

ती मुलगी आता चालायला लागली आहे. परवा एका दावतीत खालांनी तिला मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "बिल्कुल माँ पे गई है." या वेळी मी गप्प बसलो नाही. त्यांच्या शेजारी बसून उम्मे सुलैम यांचा किस्सा सांगितला, मग एक्स-वायचाही. खाला बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर हळूच म्हणाल्या, "मेरेकू भी चार बेटियाँच हुई थीं. मेरी सास मरते दम तक बोलती रही. ये बात तब कोई क्यों नहीं बोला?"