वाफेच्या इंजिनाचे सांधे

मुंबईहून पुण्यास निघालेली गाडी कल्याण सोडते, आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हीं स्थानकें ओळीनें मागें पडूं लागतात. आज ह्या मार्गावर विजेचीं इंजिनें धांवतात. धूर नाहीं, कोळशाची कणी डोळ्यांत जाण्याची भीति नाहीं. परंतु सुमारें पाऊणशे वर्षें ह्या मार्गाची सारी भिस्त वाफेच्या इंजिनांवर होती. लोहमार्गाचा इतिहास सांगतांना आपण पूल, बोगदे आणि घाट ह्यांचें वर्णन करतों, व तें योग्यच आहे. पण पूल एकदां बांधला म्हणजे पिढ्यान् पिढ्या उभा राहतो. इंजिन मात्र रोज तापतें, रोज निवतें आणि रोज कोठें ना कोठें गळूं लागतें. ती गळती बंद करणारा मनुष्य आपल्या कामावर नसता, तर पूल आणि बोगदे असूनहि गाडी हलली नसती. आजच्या भाषणांत ह्या गळतीचा, ती बंद करण्याच्या विद्येचा आणि त्या विद्येसाठीं मोजाव्या लागलेल्या किंमतीचा इतिहास सांगावयाचा आहे.

मुंबई ते ठाणें हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला. १ मे १८५४ रोजीं तो कल्याणास पोंचला, आणि १२ मे १८५६ रोजीं कल्याणच्या पुढें, अंबरनाथ-बदलापूरच्या शिवारांतून, पळसदरीवरून खोपोलीपर्यंत गेला. त्यापुढें बोरघाट उभा होता. तो मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं खुला झाला. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे आणि कांहीं ठिकाणीं ३७ फुटांमागें १ फूट असा उभा चढाव, असें त्याचें स्वरूप होतें. असल्या मार्गावर इंजिनाची किंचितहि अशक्तता लपून राहत नसे.

वाफेच्या इंजिनास कोळसा आणि पाणी अखंड लागे. पाण्यासाठीं रेल्वेनें अंबरनाथजवळ काकोळें येथें धरण बांधलें. तें आजहि जी. आय. पी. धरण ह्याच नांवानें ओळखलें जातें. पण कोळसा आणि पाणी भरपूर असून भागत नाहीं. इंजिनाला तिसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे श्वास.

लोहाराची भट्टी भात्यावांचून फुलत नाहीं, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. धांवत्या इंजिनास भाता कोण घालणार? हें कोडें मोठ्या युक्तीनें सुटलें. काम करून झालेली वाफ उगीच बाहेर न सोडतां धुरांड्यांत सोडावी, हें ट्रेव्हिथिक ह्यानें १८०४ सालच्या आपल्या इंजिनांत केलें. आणि १८२९ सालीं स्टीफन्सन पितापुत्रांच्या ‘रॉकेट’ इंजिनांत अनेक नळ्यांचा बॉयलर व धुरांड्यांतील वाफेचा झोत ह्या दोहोंची जोड जमली. इंजिनाच्या पुढच्या अंगास जी गोल पेटी असते, तिला धूम्रपेटी म्हणूं. तिच्या मध्यावरून वाफेचा झोत धुरांड्यांत वेगानें शिरतो आणि आपल्याबरोबर धूम्रपेटींतील धूर ओढून नेतो. पेटींतील दाब त्यामुळें बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो, आणि मागच्या टोंकाला असलेल्या भट्टींतून नवी हवा निखाऱ्यांतून ओढली जाते. इंजिन जितकें जोरानें ओढूं लागेल, तितका त्याचा भाता जोरानें चालतो. टाकाऊ वाफेकडूनच हें काम करून घेतल्यामुळें निराळा भाता ठेवण्याची गरज उरली नाहीं.

पण ह्या योजनेंतच तिचें मर्मस्थान आहे. धूम्रपेटीला फट पडली तर धूर बाहेर येईल, असें आपणांस वाटतें. घडतें तें उलट. पेटींतील दाब कमी असल्यामुळें बाहेरची थंड हवा फटींतून आंत घुसते. भट्टींतून ओढली जावयाची हवा मग ह्या चोरवाटेनें येते. निखारे मंदावतात, वाफ पुरत नाहीं, आणि फायरमन कितीहि कोळसा टाकीत राहिला तरी गाडी चढावर धापा टाकूं लागते. शिवाय धूम्रपेटींत सांचलेल्या कोळशाच्या चुरीला ती हवा मिळाली कीं तीच पेट घेते, पेटीचा पत्रा व दार तापून वांकतें, आणि लहान फट मोठी होते. म्हणून जाणता फिटर पेटती चिमणी हातांत घेऊन धूम्रपेटीच्या कडेनें फिरवी. ज्योत जेथें आंत ओढली जाई, तेथें गळती, हें निश्चित. इतकी सोपी व इतकी अचूक परीक्षा यंत्रशास्त्रांत विरळाच सांपडेल.

गळती सांपडल्यावर ती बुजवावयाची कशानें? ह्या प्रश्नाचीं उत्तरें काळाप्रमाणें बदलत गेलीं. जेथें उष्णता बेताची, तेथें शेंदूर व जवसाचें तेल ह्यांचा लगदा तागाच्या धाग्याबरोबर सांध्यांत भरीत. ओतीव लोखंडाच्या स्थिर सांध्यांसाठीं दुसरी एक कृति प्रसिद्ध होती. लोखंडाचा कीस, थोडा नवसागर आणि किंचित् गंधक पाण्यांत कालवून फटींत ठासावयाचें. हें मिश्रण गंजतें, गंजतांना फुगतें, आणि फुगून फट बंद करतें. जो गंज लोखंडाचा वैरी, त्यालाच अशा रीतीनें कामाला लावीत.

तथापि उत्तम कारागीर लगद्यावर विसंबत नसे. आपल्याकडे जुन्या दगडी बांधकामांत चुन्यावांचून चिरे बसवीत. चिरा चिऱ्याला असा घडावयाचा कीं मध्यें कांहीं भरण्याची गरजच पडूं नये. यंत्रशाळेंतील उत्तम सांध्याचें तत्त्व हेंच आहे. दोन्ही धातूंचीं तोंडें खरडून व घांसून एकमेकांस तंतोतंत मिळवावयाचीं; लगदा फक्त उरल्यासुरल्या केसाएवढ्या अंतरापुरता.

गेल्या शतकाच्या आरंभीं ह्या विद्येची कसोटी अधिक कठीण झाली. जर्मनीतील विल्हेल्म श्मिट ह्याच्या शोधामुळें बॉयलरांतील वाफ पुन्हां तापवून वापरण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठीं धूम्रपेटींत एक ओतीव पेटी बसवूं लागले. तिला हेडर म्हणतात. पुष्कळ नळ्या जेथें येऊन मिळतात, तें हेडर. मोटारीच्या इंजिनांतील जळका वायु बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जो जुडगा असतो, त्यालाहि हेंच नांव मिळालें आहे. आणि गुलमर्गच्या बर्फावर धांवणाऱ्या यंत्रगाड्यांचें दुखणेंहि ह्याच ठिकाणीं असूं शकतें.

ह्या सर्वांचा शत्रु एकच, आणि तो म्हणजे धातूचें फुगणें व आकसणें. एक मीटर लांबीची पोलादी नळी ५०० अंश सेल्सियसनें तापली, तर सुमारें ६ मिलिमीटर वाढते. ही वाढ दिसावयास लहान, पण तिला वाट न मिळाल्यास ती ओतीव लोखंड फोडते. म्हणून भेग सांधतांना प्रथम तिच्या दोन्ही टोंकांस बारीक भोकें पाडतात, म्हणजे ती पुढें धांवत नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ॲसिटिलीन वायूच्या ज्योतीनें वितळजोड करण्याची सोय झाली. तरी ओतीव लोखंड आधीं हळूहळू तापवून, जोडल्यावर राखेंत किंवा कोरड्या वाळूंत हळूहळू निववावें लागतेंच. घाई केली कीं जोडाशेजारीं नवी भेग पडते. कांहीं ठिकाणीं तर सांधा मुद्दाम सैल ठेवून कमानींनीं दाबून धरतात, म्हणजे नळीस हलावयास जागा राहते. ज्यानें सांधा जखडला, त्यानें तो फोडला, हा अनुभव ह्या धंद्यांत पिढ्यान् पिढ्या येत गेला आहे.

इतक्या उष्णतेंत टिकेल असा भरावा शोधतां शोधतां एक पदार्थ हातीं लागला, आणि तो जणूं देवानेंच धाडला आहे असें वाटूं लागलें. तो पदार्थ म्हणजे ॲस्बेस्टॉस. दगडाच्या जातीचा असून त्याचे कापसासारखे तंतु निघतात. सूत कातावें, दोर वळावा, पुठ्ठा करावा, आणि तरीहि तो जळत नाहीं. बॉयलरचें पांघरूण, दारांचे दोर, सांध्यांतील चकत्या, सर्वत्र तो वापरांत आला. इंजिनाचा श्वास त्यानें राखला. परंतु जुनी चकती खरडतांना किंवा पांघरूण सोलतांना जी धूळ उडे, ती खलाशाच्या व फिटरच्या छातींत जाऊन बसे.

ह्या धुळीनें जडणाऱ्या रोगास १९२७ सालीं ॲस्बेस्टॉसिस हें नांव मिळालें. १९३० सालीं इंग्लंडांत मेरिवेदर व प्राइस ह्यांनीं ३६३ कामगारांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्श्याचीं फुप्फुसें बिघडलेलीं आढळलीं. १९३१ सालीं तेथें नियम झाले, पण ते मुख्यतः हा माल तयार करणाऱ्या कारखान्यांपुरते होते. तो माल जो हातानें लावी व जो हातानें खरडी, तो दुरुस्ती करणारा मनुष्य बहुतांशीं नियमांच्या बाहेरच राहिला. पुढें ह्याच धुळीनें कर्करोग होतो हेंहि निर्विवाद सिद्ध झालें. ही व्याधि वीस, तीस, चाळीस वर्षांनीं उमटते. तोंवर कामगार निवृत्त झालेला असतो, आणि कारण व परिणाम ह्यांची गांठ घालणारा कोणी उरत नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २७ जानेवारी १९९५ च्या निर्णयांत ह्या धंद्यांतील कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षें, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षें, यांपैकीं जें नंतरचें असेल तोंवर जपून ठेवण्यास सांगितलें, तें ह्याचसाठीं.

मधल्या काळांत आपला मार्ग पार बदलला. १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणें मार्गावर वीज आली. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली दख्खनची राणी विजेवरच धांवली. त्या विजेसाठीं ठाकुर्लीजवळ चोळें येथें रेल्वेनें वीजगृह उभारलें. तेथेंहि कोळसा, बॉयलर आणि वाफ होतीच. म्हणजे सांधे रुळांवरून उठून एका छपराखालीं गेले, इतकेंच. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तिच्या बराकींत राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढें ह्या पट्ट्यांत कारखाने वाढले, मोटारी वाढल्या, आणि जें काम पूर्वीं लोकोशेडच्या भिंतींआड होई, तें रस्त्याकांठच्या गॅरेजांत होऊं लागलें. तेथील गळती निराळ्या प्रकारची आहे. मोटारीच्या हेडरची भेग आंत हवा ओढून थांबत नाहीं. ती जळका वायु बाहेर टाकते, आणि त्यांतील कार्बन मोनॉक्साइड हा वायु वास न येतां जीव घेतो.

आज ग्राफाइट व पातळ पोलादी पत्रे ह्यांच्या चकत्या मिळतात. ॲस्बेस्टॉसवांचून काम अडत नाहीं. परंतु जुन्या यंत्रांत जुन्या चकत्या अजूनहि सांपडतात. ती चकती कोरडी खरडूं नये, हवेच्या झोतानें तिची धूळ उडवूं नये. ती भिजवून, नाकातोंडाचें योग्य रक्षण करून काढावी. दुरुस्ती पुरी झाली कीं नाहीं हें पाहण्यास फिटर पूर्वीं सांध्याजवळ ज्योत धरी. ज्योत स्थिर राहिली म्हणजे काम झालें, असा त्याचा हिशेब होता. इतिहासानें त्या हिशेबांत एक रकम वाढविली आहे. सांधा घट्ट बसला पाहिजे, आणि तो बसविणाऱ्याचा श्वासहि मोकळा राहिला पाहिजे. ह्यांपैकीं एकच गोष्ट साधली, तर ती दुरुस्ती अर्धीच म्हणावी लागेल.