हे नाव आधीच वापरात आहे

दादा-वहिनीच्या बाळासाठी नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात एक्सेल फक्त मला येतं असा सगळ्यांचा समज आहे. मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही, म्हणून दोन पानं केली. मुलांच्या पानावर पहिल्याच आठवड्यात दोन नावांना हरकत आली. दादाला हवं होतं 'माधव'. ते आमच्या काकाचं नाव. १९८७ साली, बाविसाव्या वर्षी, तो काविळीने गेला. मी त्याला फक्त फोटोत पाहिलंय. वहिनीला हवं होतं 'मल्हार', आणि मल्हार हे तिच्या माहेरच्या लॅब्रॅडॉरचं नाव आहे. तो तेरा वर्षांचा झालाय, जिना चढवत नाही त्याला आता. वहिनीच्या आईचं म्हणणं, कुत्र्याला मारलेल्या हाकेला नातू ओ द्यायला लागला तर चारचौघांत कसं दिसेल?

कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नवीन खातं उघडताना 'हे नाव आधीच वापरात आहे' असा संदेश येतो. असले संदेश लिहिण्यावर माझं पोट चालतं. त्याच सवयीने मी यादीला तिसरं पान जोडलं. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतातली सगळी नावं त्यात भरली आणि नाव पुन्हा आलं की चौकट लाल होईल अशी सोय केली. चार-दोन चौकटी लाल होतील असा अंदाज होता. जवळजवळ पानच लाल झालं. सात पिढ्यांतल्या सगळ्या पुरुषांची मिळून अकराच नावं निघाली.

आजोबांचं नाव नातवाला, ही रीत सगळ्यांना माहीत असते. पण मराठी नावात बापाचं नाव मधे येतं, त्यामुळे तिचा जो हिशेब होतो तो मला यादी करेपर्यंत सुचला नव्हता. गणेश विष्णूंचा मुलगा विष्णू गणेश, त्याचा मुलगा पुन्हा गणेश विष्णू. म्हणजे आजा आणि नातू यांचं नुसतं नाव नाही, पूर्ण नाव आडनावासकट एकच. आमच्या वृत्तांतात अशा तीन जोड्या आहेत आणि त्यातल्या एका जोडीची जमीन कुणाची यावर भांडण होऊन गेलेलं आहे.

पेशव्यांच्या घरी हेच थोडक्यात टळलं. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ. त्यांच्या थोरल्या मुलाचं मूळ नाव विसाजी, म्हणजे आजोबांच्या विश्वनाथाचंच घरगुती रूप. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात नातू झाला आणि त्याचं नाव बाळाजी ठेवलं गेलं. विसाजी हे नाव चालू राहिलं असतं तर हा मुलगाही बाळाजी विश्वनाथच झाला असता, आणि शाळेत आपण कुणाचा काळ कुठे संपतो ते शोधत बसलो असतो. विसाजीचा बाजीराव झाला होता म्हणून मुलगा बाळाजी बाजीराव झाला. घरात तर तो नानासाहेबच.

या तारखा पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. नाव मोकळं झाल्यावरच ते पुढे दिलं जाई. शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले, आणि १६८२ मध्ये संभाजीराजांना मुलगा झाला त्याचं नाव शिवाजी ठेवलं. हाच पुढचा शाहू. त्याआधी, १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या मुलाला महाराजांनी आपल्या थोरल्या भावाचं नाव दिलं होतं. हा भाऊ संभाजी कनकगिरीच्या लढाईत मारला गेला होता. आज आपण बाळाला नाव देताना 'हे कुणाचं तरी आहे' म्हणून ते बाजूला ठेवतो. तेव्हा ते कुणाचं तरी होतं म्हणूनच घेतलं जाई. अट एवढीच, की तो माणूस आता नसावा.

अट मोडली की काय होतं तेही भोसल्यांच्याच घरात दिसतं. शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होता, पण जिवंत होता. इकडे राजाराम महाराज आणि ताराबाईंना १६९६ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव शिवाजी. राजसबाईंचा मुलगा संभाजी. एकाच आजोबांचे दोन नातू, दोघेही शिवाजी. एक मोगलांच्या छावणीत, दुसरा १७०० मध्ये, वडील गेल्यावर, गादीवर. १७०७ मध्ये शाहू सुटून आला तेव्हा लढाई गादीची होती हे खरं, पण मला वाटतं थोडीशी ती 'शिवाजीचा नातू शिवाजी' ही ओळ कुणाची, याचीही होती.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त वेळ अडकलो ते १७७४-७५ या वर्षात. माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले, वय सत्तावीस. धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात मारला गेला. सत्ता काका रघुनाथरावांकडे गेली. (मी लवकरच काका होणार असल्याने या शब्दाची पेशवाईतली पत मला सध्या रोज ऐकवली जाते.) नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेलं, आणि जो काही राज्यकारभार चालायचा तो त्या न जन्मलेल्या मुलाच्या भरवशावर चालवला. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. वारलेल्या थोरल्या काकाचं नाव, तेही पुरंदरावर, हे दुसऱ्यांदा घडलं. नाव ठेवलं माधवराव.

ते दुःखातून ठेवलं असेलच. पण विरुद्ध बाजू या मुलाच्या खरेपणावरच शंका घेत होती. अशा वेळी चाळीस दिवसांच्या पोराला पेशवाईची वस्त्रं द्यायची असतील, तर लोकांनी ज्याला नुकतंच हळहळून पोचवलं त्याचंच नाव त्याच्या कपाळी असणं किती उपयोगाचं होतं, हे बारभाईंना कुणी शिकवायला नको होतं.

रघुनाथराव तोवर गुजरातेकडे पळत होते आणि आनंदीबाई धारच्या किल्ल्यात होत्या. तिथे १० जानेवारी १७७५ ला त्यांना मुलगा झाला. पहिल्या माधवरावांच्या नावाला उत्तर देईल असं एकच नाव त्या घरात होतं. ते रघुनाथरावांच्या वडिलांचं होतं आणि १७४० पासून घरात ते पेलणारं दुसरं कुणी मोठं झालं नव्हतं. बाजीराव. दोन महिन्यांत रघुनाथरावांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. नऊ महिन्यांच्या आत दोन पाळणे, आणि दोन्हींत दोन गेलेले पेशवे. पुढे १७८४ मध्ये, रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर, आनंदीबाईंना आणखी एक मुलगा झाला तो चिमाजी. बाजीराव आणि चिमाजी आप्पा ही भावांची जोडीच पुन्हा मांडली.

नाव देणाऱ्यांचं काम तिथे संपलं, घेणाऱ्यांचं आयुष्य उरलं. एका माधवरावाच्या नावाला 'सवाई' लागलं. सवाई म्हणजे सव्वापट, आणि हा मुलगा एकविसाव्या वर्षी, १७९५ मध्ये, शनिवारवाड्यातून खाली पडून गेला. दुसरा बाजीराव तर आजतागायत 'दुसरा' आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये ज्या वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, त्याच वसईत १८०२ च्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तह केला. वेगळ्या नावाच्या पेशव्याने केला असता तर तो तह तेवढाच वाईट ठरला असता, पण इतका लागला नसता.

हे सगळं मी उत्साहात आजीला सांगितलं. माधव नावाला हरकत तिची होती. मला वाटलं होतं, अल्पायुषी माणसाचं नाव नको, एवढंच तिच्या मनात असेल. आमच्या आत्याने तर सत्तावीस, एकवीस आणि बावीस असा हिशेबही करून दाखवला होता. आजी म्हणाली, "तसलं काही नाही रे. तुझ्या बापाचं नाव सासऱ्यांचं. मी ते तोंडाने घ्यायची नाही. माधव माझा एकटा असा होता, की अंगणात उभी राहून नावाने हाक मारता यायची."

बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत आणि आजी त्यांना अजून 'बाळ' म्हणते. ते लाडाने, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. सुनेने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं तर नाहीच, आणि पहिल्या मुलाला तेच नाव. म्हणजे आईलाच पोराचं नाव घेता येत नाही. मग नाना, भाऊ, दादा, तात्या, अण्णा, बाळ. पेशव्यांच्या घरातले नानासाहेब, भाऊसाहेब, दादासाहेब हे सगळे मानाचे शब्द आहेत हे ठीक, पण त्यांच्या मुळाशी स्वयंपाकघरातली ही अडचणही असणार असं मला आता वाटतं. पुरुषांनी नावं परत परत वापरली आणि त्याचा पर्याय बायकांनी काढला.

टक्कर सुनेच्या नावाची झाली तर पर्यायही काढावा लागत नसे, तिचंच नाव बदलत. ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. आजीचं माहेरचं नाव सुमन. आमच्या घरात थोरल्या जावेचं नाव आधीच सुमन होतं. "लग्नाच्या दिवशी कळलं मला," आजी म्हणाली, "ताट पुढे आलं तेव्हा."

मल्हारचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. सातारच्या शाहूंचा लाडका कुत्रा खंड्या. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात, आणि संगम माहुलीला त्याची समाधी आहे. त्याच शाहूंचे सेनापती खंडेराव दाभाडे. सेनापतींना आपलं नाव कुत्र्याला दिल्याचा राग आला असावा असं निदान मला कुठे वाचायला मिळालं नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, तेव्हा खंड्या हे नाव देवाच्याच घरातलं. खंडेराव आणि मल्हारी दोन्ही त्याचीच नावं. होळकरांकडे खंडोजींचा मुलगा मल्हारराव आणि त्यांचा मुलगा खंडेराव. वहिनीच्या आईंना हे पटलं नाही. त्यांनी विचारलं, संध्याकाळी खाली उभं राहून 'मल्हार, घरी ये' म्हटलं तर कोण येणार? वहिनी म्हणाली, "आपला मल्हार आता हाकेला येतो कुठे?" मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ते नाव तिने स्वतःच काढायला सांगितलं.

माधव अजून यादीत आहे. आजीने परवा अट घातली: ठेवायचं तर ठेवा, पण हाक पूर्ण मारायची, मॅडी-बिडी नाही.

मुलींच्या पानावर मात्र एकही चौकट लाल नव्हती. मला वाटलं सोय बिघडली. बिघडलं काही नव्हतं. कुलवृत्तांतात मुली जवळजवळ नाहीतच, आणि बायका आहेत त्या बदललेल्या नावांनी. टक्कर व्हायला आधी नोंद लागते. आजीला विचारून मी मुलींच्या पानावर 'सुमन' लिहिलं. थोरल्या आजीच्या नोंदीमुळे चौकट लगेच लाल झाली. आजीने चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, हे लाल कशाला केलंस?