पलंगाखालचा पाइप: पॉप-अप ट्रेलरची शंभर वर्षांची गोष्ट

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर हेडफोन लावा.)

आजची गोष्ट सुरू होते रात्री दोन वाजता आलेल्या एका धडामकन आवाजापासून.

माझा मामेभाऊ अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने एक जुना पॉप-अप ट्रेलर विकत घेतला. तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. गाडीमागे जोडलेली दोन चाकांची बुटकी पेटी, असा तो रस्त्यावर दिसतो. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवायचं, छत वर जातं. मग पुढून आणि मागून एकेक पलंग ड्रॉवरसारखा बाहेर ओढायचा. वर कॅनव्हासचा तंबू. दहा-पंधरा मिनिटांत पेटीचं घर होतं.

पहिल्याच मुक्कामात मध्यरात्री मागच्या पलंगाचा एक कोपरा खाली बसला. त्यावर त्याची दोन्ही मुलं झोपली होती. नशीब, खरचटण्यावर निभावलं. सकाळी त्याचा फोन आला.

"दादा, पलंगाखालचे पाइप लावायला विसरलास का?"

"अरे, लावले होते ना! दोन्ही लावले होते. तरी कसं झालं?"

तरी कसं झालं? या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मी शंभर वर्षं मागे गेलो. चला, तुम्हीही या.

गाडी स्वस्त झाली, मुक्काम महाग होता

1908 साली हेन्री फोर्डने मॉडेल टी ही मोटार बाजारात आणली. सुरुवातीला किंमत साधारण 850 डॉलर. 1925 पर्यंत तिचं सगळ्यात स्वस्त मॉडेल 300 डॉलरच्या खाली आलं. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, सगळे मोटारवाले झाले आणि सुट्टी आली की गाडी काढून निघायला लागले. पण हॉटेल परवडायचं नाही. मग रस्त्याकडेलाच तंबू!

खुद्द फोर्डही यात होता. थॉमस एडिसन, टायरवाला हार्वी फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज यांच्यासोबत तो कॅम्पिंगला जायचा. 1921 साली तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही मेरीलँडमध्ये त्यांच्या मुक्कामाला आले होते. अर्थात त्यांच्यासोबत आचारी आणि स्वयंपाकाची वेगळी गाडी असायची. सामान्य माणसाकडे काय होतं? 1919 साली फ्लोरिडातल्या टँपा शहरात अशा प्रवाशांचा एक क्लब निघाला. नाव 'टिन कॅन टुरिस्ट्स'. म्हणजे डबाबंद खाणं खाऊन फिरणारे लोक. स्वतःची थट्टा स्वतःच केलेली.

या मंडळींना जमिनीवर झोपायचं नव्हतं. ओल, किडे, साप. पण मॉडेल टीचं इंजिन होतं अवघं 20 अश्वशक्तीचं, आणि बरेचसे रस्ते कच्चे. जड घर मागे ओढणं शक्यच नव्हतं. म्हणून तंबू-ट्रेलर आला. हलकी पेटी, आत घडीचे पलंग, वर कॅनव्हास. 1910 ते 1930 या काळात असे ट्रेलर बनवणारे बरेच छोटे कारखाने अमेरिकेत उभे राहिले.

वजन कोणी घ्यायचं?

इथे आपल्या गोष्टीतला खरा पेच येतो. पेटी अरुंद, माणसं लांब. मग पलंग पेटीच्या बाहेर काढावा लागतो. आणि बाहेर काढलेला पलंग हवेत लटकतो. त्याचं वजन कोण घेणार?

पहिलं उत्तर साधं होतं. बाहेरच्या कडेला पाय लावा, पाय जमिनीवर टेकवा. पण जमीन सपाट कुठे असते? पाऊस पडला की एक पाय चिखलात रुततो आणि पलंग तिरका.

दुसरं उत्तर जास्त हुशार. टेकू जमिनीवर टेकवायचाच नाही. तो ट्रेलरच्याच तळाशी असलेल्या लोखंडी सांगाड्याला अडकवायचा आणि तिरका वर नेऊन पलंगाच्या बाहेरच्या कडेला लावायचा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांमध्ये सज्जाखाली तिरके लाकडी टेकू असतात ना? तीच युक्ती. आता जमीन कशीही असो, पलंगाचा भार परत ट्रेलरकडेच येतो.

थोडं गणित करू, घाबरू नका. पलंगावर मिळून 140 किलो वजन आहे, आणि ते मधोमध आहे असं धरा. अर्धं वजन पेटीच्या बाजूला जातं, अर्धं म्हणजे 70 किलो बाहेरच्या कडेला. तिथे दोन पाइप, म्हणजे प्रत्येकी 35 किलो. पण पाइप उभा नाही, तिरका आहे. 45 अंशांत असेल तर प्रत्येक पाइपवर सुमारे 50 किलोचा दाब येतो. जमिनीपासून 30 अंशांत, म्हणजे जास्त आडवा असेल, तर तोच दाब 70 किलो होतो. माणसं तीच, पलंग तोच, फक्त कोन बदलला. आणि कोणी पलंगाच्या अगदी कडेवर जाऊन बसलं, तर त्याचं जवळजवळ सगळं वजन पाइपांवरच.

कोंबड्यांच्या खुराड्यातून कारखाना

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पुन्हा फिरण्याची लाट आली. 1956 च्या कायद्याने 41,000 मैलांच्या महामार्गांचं जाळं मंजूर झालं. पॉप-अपचा हा सुवर्णकाळ. इंडियाना राज्यात मिडलबरी नावाचं गाव आहे. तिथे लॉइड बॉन्ट्रेगर या माणसाने हँडल फिरवून छत उचलायची स्वतःची रचना तयार केली आणि 1968 साली पत्नी बर्था हिच्या साथीने आपल्या शेतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यांत उत्पादन सुरू केलं. कंपनीचं नाव जेको. त्याच सुमाराला कंदील आणि स्टोव्ह बनवणारी कोलमन कंपनीही यात उतरली. पेनसिल्वेनियातल्या सॉमरसेटमध्ये तिचे ट्रेलर बनायचे. 1989 मध्ये हा धंदा फ्लीटवुड कंपनीने घेतला. 2009 मध्ये फ्लीटवुड दिवाळखोरीत गेली आणि पुढे सॉमरसेटचं उत्पादनही थांबलं.

याचा दादाच्या पलंगाशी काय संबंध? ट्रेलर उरले, पण ते बनवणारे अनेक कारखाने उरले नाहीत. सोबतचं माहितीपुस्तक तीन मालकांपूर्वीच हरवलेलं. म्हणून आज जुना पॉप-अप घेणाऱ्याला ती रचना स्वतःलाच समजून घ्यावी लागते.

चला, पलंगाखाली वाकून बघू

मी दादाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि आम्ही एकेक गोष्ट तपासली. तुम्हीही याच क्रमाने तपासा.

सगळ्यात आधी, पलंग रिकामा करा. कोणी वर बसलेलं असताना खाली हात घालायचा नाही.

मग ट्रेलर स्वतः सरळ उभा आहे का ते बघा. पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल आधी आतल्या फरशीवर ठेवा, मग पलंगावर. दोन्ही सारखेच तिरके असतील, तर दोष जमिनीचा. फरशी सरळ आणि पलंग तिरका असेल, तर दोष टेकूचा.

चारही कोपऱ्यांचे जॅक खाली केलेत का? चाकं मध्ये, पलंग दोन्ही टोकांना. जॅक न लावता मागच्या पलंगावर चढलात, तर मागे जड झालेली बैलगाडी उलाळते तसा अख्खा ट्रेलर उलाळतो. पण लक्षात ठेवा, हे जॅक डुलणं थांबवायला आहेत, ट्रेलर उचलायला नाहीत. जोर लावून उचललं की सांगाडा पिळतो आणि पलंग सरकताना अडकतात.

आता पाइप. दोन्ही टोकं आपापल्या खाचेत पूर्ण बसली आहेत का? खाच वाकली, उघडली, गंजली आहे का? पाइप सरळ आहे का? सरळ पाइप भरपूर दाब सोसतो, पण थोडा जरी वाकला असेल तर भाराखाली आणखी वाकत जातो. हातोडीने ठोकून सरळ केलेला पाइप पुन्हा वापरू नका. त्याच लांबीचा, त्याच जाडीचा नवा घ्या.

शेवटी लाकूड. खाच ज्या प्लायवुडला बसवली आहे तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत रुतलं, तर लाकूड कुजलंय. कॅनव्हासमधून झिरपणारं पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरतं. अशा वेळी लांब स्क्रू मारून काही होत नाही. लाकूडच बदलायचं आणि आरपार बोल्ट टाकून मागे लोखंडी पट्टी द्यायची.

दादाच्या ट्रेलरचं लाकूड ठणठणीत होतं, खाचाही ठीक. मग मी म्हटलं, "दादा, पुढच्या पलंगाचे पाइप काढून मागच्यांशेजारी ठेव जरा."

तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "अरे, हे लांब आहेत!"

सापडलं! त्याच्या ट्रेलरचा मागचा पलंग मोठा, पुढचा छोटा. म्हणून पाइपांच्या दोन जोड्या, दोन वेगळ्या लांबीच्या. त्याने मागच्या पलंगाला आखूड जोडी लावली होती. पलंग संध्याकाळपासूनच बाहेरच्या बाजूला झुकलेला होता, पण "जमीनच उतरती असेल" असं सगळ्यांना वाटलं. अर्धवट बसलेलं टोक रात्री मुलांच्या वळवळीने निसटलं आणि कोपरा खाली आला.

उपाय किती रुपयांचा? लाल आणि निळ्या चिकटपट्टीचा! लाल मागची जोडी, निळी पुढची. खाचेजवळही त्याच रंगाची पट्टी. आता पाइप लावायचं काम मुलांचं, आणि रोज रात्री झोपण्याआधी टॉर्च घेऊन पलंगाखाली एकदा बघायचं काम दादाचं.

मंडळी, आतून ट्रेलरमध्ये गादी दिसते, दिवा दिसतो, खिडकी दिसते. पाइप दिसत नाही. तो बाहेर, अंधारात, पलंगाच्या पोटाखाली असतो. ज्याच्यावर झोपलेल्या पोरांचा भार आहे, तोच नेमका नजरेआड. म्हणून रोज वाकून बघायचं.

तुमच्या घरच्या घडीच्या पलंगाची, झोपाळ्याची किंवा माळ्याची अशी काही गोष्ट असेल, तर व्हॉइस मेसेज नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत फिरत राहा, आणि झोपण्याआधी एकदा खाली वाकून बघा!